मामाजी, ती गाडी चांगली होती

मामाजी, काल तुमची तेरवी झाली. मंडप सुटला, आणलेली भांडी परत गेली, एकोडीचे पाहुणे आज सकाळच्या गाडीने रवाना झाले, आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. सासरा गेल्यावर सुनेनं चार चांगले शब्द बोलावेत अशी रीत असते. चांगले शब्द बोलणारे रोज येऊन गेले. कुणी म्हणालं, धानाचा दाणा दाताखाली धरला की कोणत्या तलावाखालच्या बांधीतला आहे ते हा माणूस सांगायचा. कुणी म्हणालं, तुमसरच्या मिलमध्ये एवढी वर्षं माल पारखला, पण कुणाच्या भिडेला पडून निकाल फिरवला नाही. मी चहाचे कप गोळा करत सगळं ऐकत होते. तुमच्या एका निकालाबद्दल मात्र कुणी अक्षर काढलं नाही. तो विषय घरात निघाला की मी चिडते, हे गावालाही माहीत झालं आहे.

त्या निकालाचा विषय मलाच काढावा लागणार.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. हे जवाहरनगरला सरकारी फॅक्टरीत होते. क्वार्टर, बस, वेळेवर पगार, सगळं होतं, आणि ह्यांना ते नको झालं होतं. निदान असं ते म्हणायचे. तुमसरजवळच्या एका गावचे मालगुजार, जुने जमीनदार, वारले आणि त्यांच्या नातवाने, बापूसाहेबांनी, आजोबांची जुनी विलायती मोटार विकायला काढली. लांबच लांब, सहा माणसं पाय पसरून बसतील अशी. ती घ्यायची, नोकरी सोडायची, आणि लग्नसराईत नवरदेवाच्या वरातीला, एरवी भंडारा-गोंदियाला भाड्याने फिरवायची, असा बेत ठरला. ह्यांनी क्वार्टरच्या सगळ्या ओळीत सांगून ठेवलं. राजीनामा लिहून तयार होता. सोमवारी द्यायचा आणि रविवारी गाडी बघायची.

मी ह्यांच्या दोन पावलं पुढे होते, ते मी कधी लपवलं नाही. माझे बाबा गोंदियाला मोटारी चालवत. मी लहानपणी भातुकली खेळले नाही, बोनेटखाली वाकलेल्या बाबांच्या हातात पाने-पक्कड देत वाढले. लग्नानंतर चुलीच्या भडक्याशिवाय दुसरं काही मी पाहिलं नव्हतं. नवरा गाडीवाला होणार, या नुसत्या विचाराने मला झोप लागत नव्हती.

शनिवारी आम्ही तुमसरला आलो. जेवताना तुम्ही एवढंच म्हणालात, "हत्ती पोसाचा म्हणता. त्याले पेट्रोल किती लागते, पुसलं काय?"

"वरातीवाल्याच्या खिशातून जाईन ना ते," मी दाराआडून बोलले. डोक्यावर पदर होता, पण जिभेवर नव्हता.

"अन् सामान? विलायती गाडीचं सामान इथं कोण देईन?"

"बापूसाहेबाच्या आजानं दोन पेट्या भरून ठेवलं हाय. मी इचारलं."

तुम्ही ह्यांच्याकडे पाहिलंत. हे ताटात बघत होते. "बाबा," हे म्हणाले, "तुम्ही पाहून घ्या. तुम्ही घे म्हणान तं घेतली, नाही म्हणान तं नाही." ते ऐकून आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, देवापुढे साखर ठेवली. साखर कशासाठी ठेवली, गाडी यावी म्हणून की येऊ नये म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी पहाटेच तुम्ही उठवलंत. मी म्हटलं, एवढी घाई काहून? तर म्हणालात, "गाडी थंडी असतानाच पाह्यावी. शेकलेलं धान अन् तापवलेलं इंजन, दोन्ही आपला आजार लपवते." माझे बाबाही हेच म्हणायचे, वेगळ्या शब्दांत. त्या क्षणी मला वाटलं होतं, हा माणूस माझ्या बाजूचा आहे.

मी येणार म्हटल्यावर आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. सुनेनं सासऱ्याबरोबर मालगुजाराच्या दारात मोटार बघायला जायचं, हे तुमसरला कुणी ऐकलं नव्हतं. तुम्ही दुपट्टा खांद्यावर टाकत म्हणालात, "येऊ दे तिले. तिच्या बापाचा धंदा हाय." ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. रागाच्या दिवसांतही ते मी टाकून दिलं नाही.

बापूसाहेब सरळ माणूस होते. ओसरीत बसून दात घासत म्हणाले, गोंदियाचा एक जण दुपारी यायचा आहे, त्याच्याआधी काय ते सांगा. गाडी गोठ्याच्या बाजूला उभी होती. तुम्ही आधी बोनेटवर तळवा ठेवलात. गारठलेलं होतं. मग खिशातून ते काढलंत. मिलमध्ये धान यंत्रात जाण्याआधी त्यातले खिळे-तारा ओढून घ्यायला लोहचुंबक लावतात, त्यातला एक तुकडा. दारांच्या खालून, चाकांच्या वरून, डिकीच्या कडेने तुम्ही तो फिरवत गेलात. जिथं पत्रा सडलेला असतो आणि वर लांबीचा लेप भरून रंग मारलेला असतो, तिथं चुंबक धरत नाही, खाली पडतो. पोत्याच्या तोंडाशी चांगला दाणा आणि बुडाशी भुसा, अशातलाच तो प्रकार. म्हणून तुम्ही बुडापासून सुरुवात केलीत. मी तुमच्या मागे चालत होते आणि प्रत्येक ठिकाणी टक्‌ असा आवाज यायची वाट बघत होते. तो आवाज प्रत्येक ठिकाणी आला, मामाजी. मी होते तिथं.

पायाखालची चटई उचलून तुम्ही खालचा पत्रा हुंगलात. ओल नव्हती. मी तेलाची पट्टी ओढून पाहिली, तेल काळं होतं पण त्यात पाण्याचा पांढरेपणा नव्हता. धुराड्याच्या नळीत बोट घातलं तर कोरडी काजळी निघाली, चिकट नाही. टायर चारही सारखे झिजलेले. दार लावलं की एकच घट्ट आवाज. बापूसाहेबांनी किल्ली दिली, ह्यांनी चालू केली. जरा खोकली आणि मग अशी शांत झाली की गोठ्यातल्या म्हशीनेही मान वळवली नाही. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. धान पसंत पडलं की तुमच्या डाव्या गालाला एक घडी पडायची. ती पडली होती.

"फिरवून आणा," बापूसाहेब म्हणाले आणि चूळ भरायला आत गेले.

हे चालवायला बसले, तुम्ही शेजारी, मी मागच्या गादीवर एकटी. फॅक्टरीतल्या एका ड्रायव्हर मित्राने ह्यांना शिकवलं होतं, लायसन होतं. सुरुवातीला रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या, धुकं उठत होतं. मी काच खाली केली. डोक्यावरचा पदर उडाला तर मी तो परत घेतला नाही. मी हसत होते. एवढी वर्षं मला वाटत होतं की ते हसू कुणी पाहिलं नाही.

मग नाल्यावरचा तो पूल आला. कठडा नाही, एक गाडी कशीबशी जाईल एवढी रुंदी. आपण अर्ध्यावर गेलो आणि समोरून मॅंगनीजने भरलेला ट्रक पुलावर चढला. ह्यांनी ब्रेक दाबला. इंजन बंद पडलं. ट्रकवाल्याने हॉर्न दाबला तो सोडेचना. मागून मला फक्त ह्यांची मान आणि तुमची पांढरी टोपी दिसत होती. मी पुढे वाकून म्हणाले, "मारा ना स्टार्टर." ह्यांनी मारला नाही. हॉर्न चालू होता. खाली नाल्यात पाणी थोडंच होतं, पण दगड मोठे होते. तुम्ही मान ह्यांच्याकडे वळवून काहीतरी बोललात, हॉर्नच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. ह्यांची मान जरा हलली. मला वाटलं, इंजनात पेट्रोल चढलं असेल, जरा थांबून स्टार्टर मारतील. मला काळजी होती ती गाडीची. आता तुम्ही नाही म्हणाल, एवढंच मनात येत होतं.

शेवटी ट्रकवाला शिव्या देत मागे गेला. ह्यांनी स्टार्टर मारला, आणि पहिल्या झटक्यात इंजन चालू झालं. पहिल्या झटक्यात. बाबा असते तर म्हणाले असते, हिच्या इंजनाची दृष्ट काढून टाका. तुम्ही म्हणालात, "चाल, वापस घे."

वाटभर मी स्वतःला समजावत होते की काही बिघडलेलं नाही. गालावरची घडी मी पाहिली आहे. चुंबक कुठे पडला नाही. हा माणूस खोटा निकाल देत नाही, अख्खा बाजार सांगतो.

बापूसाहेब ओसरीच्या पायरीवर उभे होते. मिलमध्ये तुमची एक रीत होती, सगळ्यांना माहीत असलेली. पोत्यात परखी, टोकदार नळी, खुपसून नमुना हातावर घ्यायचा. माल पसंत पडला तर ते दाणे दुपट्ट्याच्या टोकाला बांधायचे. नाही पडला तर दाणे पुन्हा त्याच पोत्यात टाकायचे आणि पुढे जायचं. कारण सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. विचारलं तर तो पारखणाऱ्याचा अपमान. मोठमोठे शेतकरी पोतं उचलून गुपचूप निघून जायचे.

तुम्ही ह्यांच्या हातातून किल्ली घेतलीत आणि ती बापूसाहेबांच्या तळहातावर ठेवलीत. "पाण्याचं धान हाय," एवढं म्हणालात, भिजलेल्या, नापास मालाला म्हणतात तसं, आणि चालू लागलात.

बापूसाहेबांचा चेहरा पडला. तेही त्याच बाजारात धान विकत होते, त्यांनीही विचारलं नाही. हे मान खाली घालून तुमच्या मागे निघाले. आणि मी, सून, परक्याच्या दारात, डोक्यावर पदर घेऊन उभी. ओठावर आलेलं वाक्य मी गिळलं. ती गाडी चांगली होती हे त्या अंगणात तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि रीत अशी की दोघांपैकी कुणीच बोलायचं नाही.

घरी आल्यावर मी रीत मोडली. चुलीपुढे बसून तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मनात ठरवूनच गेले होते तं आम्हाले कायले पहाटे उठवलं?"

तुम्ही अंगणात पाय धूत होतात. "धानात चूक होते, सूनबाई," म्हणालात. "पारखणारा बी माणूसच हाय."

"चूक नाही झाली तुमच्याकडून. तुम्हाले पोराची सरकारी नोकरी पाह्यजे होती."

आत्याबाई मला गप्प बसवायला उठल्या. हे घरात नव्हते, पानठेल्यावर गेले होते. तुम्ही तांब्या पालथा घातलात आणि मिलकडे निघून गेलात. सोमवारी हे फॅक्टरीच्या बसमध्ये बसले. राजीनामा मी चुलीत घातला. क्वार्टरच्या ओळीतल्या बायका विचारायला आल्या तर मी सांगितलं, सासऱ्यांनी मोडता घातला, नाहीतर ह्यांनी कधीच गाडी दारात आणली असती. ते खरं आहे असंच मी मानत होते.

गोंदियाचा माणूस आलाच नाही. गाडी तुमसरच्याच शामरावांनी घेतली, आणि मग ती आपल्या डोळ्यांसमोर फिरायला लागली. एक लग्नसराई, दुसरी, तिसरी. रंग बदलला, गाद्यांना नवे कव्हर आले, शामरावांनी तिच्या जोरावर एक जीपही घेतली. बाजारात तुम्हाला लोक विचारायचे, "तात्या, पाण्याच्या धानाले किती तांदूळ निघून राहिला?" थट्टा म्हणून सुरू झालं, पण थट्टाच राहिलं नाही. एकदा एका शेतकऱ्याचा माल तुम्ही परत केला तर तो सगळ्यांदेखत म्हणाला, तुमची नजर गेली, दुसऱ्याला दाखवा. मिलमालकाने दुसऱ्याला दाखवला. हे आत्याबाईंनी मला रडत सांगितलं. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडं समाधानही होतं.

आणि नणंदेच्या लग्नात तर कमाल झाली. व्याह्यांनी नवरदेवासाठी नेमकी तीच गाडी आणली. झेंडूच्या माळा, समोर आरसा. सगळे नवरदेवाला ओवाळत होते आणि तुम्ही गाडीच्या मागच्या बाजूला उभे. डिकीच्या कडेवरून हात फिरवत होतात. मी आरतीचं ताट घेऊन जाताना थांबले. "मामाजी, पाण्याचं धान दारात आलं."

तुम्ही हसलात. "सुकलं असन आता," म्हणालात.

किती राग आला होता मला त्या हसण्याचा.

ह्यांचंही तुमच्याशी बोलणं तुटल्यासारखंच झालं होतं. सणावारी यायचे, पाया पडायचे, पेपर तोंडापुढे धरून बसायचे. तुम्ही 'कसं काय फॅक्टरीत' विचारलं की 'बरं हाय' एवढंच. मला वाटायचं, मनात जखम आहे, बापाने पंख कापले तर लेक आणखी काय बोलणार. उलट मी ह्यांची बाजू घेऊन तुमच्याशी आणखी तुटकपणे वागायचे. तुमचा चहा मी कधी चुकवला नाही, पण कप ठेवताना आवाज व्हायचाच.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी महिनाभर तुमसरला राहिले. एका दुपारी पेज भरवताना मी म्हटलं, "आता तरी सांगा. काहून परत केली?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "तुह्या बापाले मोटारीतलं समजत होतं. तुले बी समजते." आणि तोंड मिटलंत. मी चमचा पुढे केला तर घेतला नाहीत. मला वाटलं, चला, निदान गाडी चांगली होती हे कबूल केलं. उरलेलं उद्या काढून घेईन. तुमचा उद्या उजाडलाच नाही.

आज सकाळी पाहुण्यांना गाडीत बसवून हे परत आले. ओसरीत तुमच्या जागेवर बसले. मी म्हटलं, तिथं नका बसू. तर उठले नाहीत. रडायला लागले. तेरा दिवसांत पहिल्यांदा. मी मुद्दाम म्हणाले, "एवढा अबोला धरला बापाशी. आता रडून काय होते?"

"अबोला रागाचा नव्हता," हे म्हणाले. "लाज वाटे मले."

आणि मग पुलावरचं सांगितलं. ट्रकचं भ्या नव्हतं म्हणाले. पाय थरथरत होते ते दुसऱ्याच कशाने. सगळ्यांना सांगून बसलेले, राजीनामा लिहिलेला, आणि त्या पुलावर ह्यांना कळलं की आपल्याला हे नको आहे. कधीच नको होतं, नुसतं बोलण्यात गोड लागत होतं. तुम्ही तेव्हा विचारलंत, "तुले पाह्यजे काय रे हे?" ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, "मंग मागं पाहू नको. मी पाहून घेतो."

मागं मी होते.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण ओळखीचा वाटला नाही.

"कसं सांगू? पुलाच्या आधी आरशात तुह्यं तोंड दिसून राहिलं होतं. तू हासून राहिली होती."

मामाजी, सकाळपासून मी हे उलटसुलट करून पाहते आहे. तुम्ही आयुष्यात एकदाच चांगल्या मालाला वाईट म्हटलंत. तेवढ्यासाठी बाजारात नाव घालवून घेतलंत आणि घरात सुनेची बोलणी खाल्लीत. माझा नवरा माझ्या नजरेतून उतरू नये म्हणून स्वतः उतरलात. इतकी वर्षं मी एका धाडसी माणसाबरोबर संसार केला, कारण तुम्ही मला तसं समजू दिलंत. कोणता बाप एवढं करेल? डोकं ठेवायला तुमचे पाय उरले नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पण भांडण मी सोडणार नाही. दर सणावाराला तुम्ही माझ्या हातचा चहा पीत होतात. एकदा तरी सांगायचं होतं. मी रडले असते, दोन-चार दिवस तुम्हा दोघांशीही बोलले नसते, आणि मग तुमच्या लेकाला आणखी जवळ केलं असतं. घाबरला म्हणून नाही. मला सांगितलं म्हणून. माझ्या बाबांचेही हात घाटात घामेजून थरथरायचे, मामाजी, आणि आई ते पदराने पुसायची. मला ते येत होतं. तुम्हाला वाटलं, हिला चालणार नाही, हिच्यापासून झाकून ठेवावं, आणि बापलेकांनी मिळून एवढी वर्षं झाकलंत.

धान ओळखलंत. गाडी ओळखलीत. लेकाच्या पायातलं कापरं बघून लेक ओळखलात. सून तेवढी ओळखायची राहिली, आणि मी तर इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांपुढेच होते.